ओटा तोच, स्वयंपाकघर नवे: लहान घरात बेताच्या खर्चात काम कसे करावे

पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक या भागांतल्या २५-३० वर्षांपूर्वीच्या इमारतींतली स्वयंपाकघरे बहुधा एकाच साच्यातली असतात. सात-आठ फुटांची खोली, काळ्या कडप्प्याचा ओटा, त्यामागे हात-दीड हात उंचीपर्यंत पांढऱ्या टाइल्स, भिंतीवर स्टीलची मांडणी, वर माळा आणि छताजवळ एक ट्यूब. अशा स्वयंपाकघरात वावरताना काही वर्षांनी जीव कोंडल्यासारखा होऊ लागतो, आणि मग घरात पहिला विचार येतो तो सगळे फोडून मॉड्युलर किचन करून घेण्याचा. त्याचा खर्च ऐकला की तो विचार मागे पडतो आणि त्याबरोबर बाकीचे सगळेच राहून जाते. हा लेख अशा घरांसाठी आहे.

माझे स्पष्ट मत असे आहे की स्वयंपाकघर जुने वाटते ते ओट्यामुळे नव्हे, तर तेलाचा चिकट थर, अपुरा उजेड आणि न लागणाऱ्या वस्तूंची दाटी या तीन गोष्टींमुळे. या तिन्ही गोष्टी थोड्या पैशांत दूर होतात, आणि त्या दूर न करता नवीन दारे बसवली तर त्या केवळ दारांमागे जाऊन बसतात. म्हणून ओटा, सिंक आणि शेगडी यांच्या जागा हलवायच्या नाहीत, हे सुरुवातीलाच ठरवून टाकावे. सिंक दोन फूट सरकवायचे म्हटले तरी पाण्याचा नळ, सांडपाण्याचा पाइप, ओट्याचा दगड, टाइल्स आणि खालची फरशी अशी पाच कामे निघतात, आणि बेताच्या बजेटचा निम्मा भाग तिथेच संपतो.

कामाला हात घालण्याची वेळ

रंगारी आणि गवंडी गणपती-दिवाळीच्या आधी मिळत नाहीत, मिळाले तर घाईत काम उरकतात, आणि पावसाळ्यात भिंती वाळत नाहीत, हे सर्वांना ठाऊक असते. माझ्या अनुभवात या कामाला सर्वांत सोयीचे दिवस फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च हे आहेत. हवा कोरडी असते, आणि ज्या घरांत उन्हाळ्यात वर्षाचे गहू, तांदूळ, डाळी आणि तिखट-मसाला भरून ठेवण्याची पद्धत आहे, त्या घरांत या दिवसांत डबे आणि पिंपे तळाला गेलेली असतात. रिकामे पिंप एका माणसाला उचलता येते. भरलेले पिंप हॉलमध्ये नेऊन ठेवायचे तर दोन माणसे लागतात आणि वाटेतल्या फरशीलाही धोका असतो. शिवाय काम संपले की लगेच नवे धान्य स्वच्छ, कोरड्या जागी भरता येते.

काम सुरू करण्यापूर्वी सोसायटीला लेखी कळवावे, कामाच्या वेळा विचारून घ्याव्यात आणि निघणारा राडारोडा कुठे टाकायचा तेही ठरवून घ्यावे. स्वयंपाकघर आणि हॉल यांमधली भिंत पाडून खोली मोठी करण्याची कल्पना कोणी मांडलीच, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय भिंतीला हात लावू नये. जुन्या इमारतींत काही भिंती वरचा भार पेलत असतात आणि ते गवंड्याच्या नुसत्या नजरेने कळत नाही.

पहिले पंधरा दिवस: फक्त पाहणे

या टप्प्यात एकही वस्तू विकत घ्यायची नाही. कागदी चिकटपट्टीचे एक रीळ आणि पेन ओट्याजवळ ठेवावे, आणि पंधरा दिवस जी वस्तू वापरली जाईल तिच्यावर पट्टीचा लहानसा तुकडा चिकटवावा. भांडी घासताना पट्ट्या निघतात, त्या पुन्हा लावाव्यात. हा त्रास थोडा आहे आणि त्याचे फळ मोठे आहे. पंधराव्या दिवशी सर्व भांडी हॉलमध्ये जमिनीवर चादर अंथरून मांडावीत. आमच्या घरी अकरा पातेली निघाली, त्यांपैकी पट्टी पाचांवरच होती, आणि झाकणे मात्र सतरा होती, ज्यांतली निम्मी कोणत्याच पातेल्यावर बसत नव्हती. पितळी परात, मोठा कुकर, मोदकपात्र, चकलीचा सोऱ्या, पुरणयंत्र अशा वस्तूंवर पट्टी नसली तरी त्या ठेवायच्याच असतात, पण त्यांची जागा माळ्यावर आहे, हाताशी नाही. उरलेल्या वस्तूंचा निर्णय मात्र घरातल्या मोठ्या माणसांना विचारूनच घ्यावा. आजीच्या माहेरून आलेले तांब्याचे घंगाळ मोडीत काढण्याचा अधिकार नवीन रंगाच्या उत्साहात असलेल्या कोणालाही नाही.

याच दिवसांत आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. संध्याकाळी सातच्या सुमारास भाजी चिरायला उभे राहावे आणि आपली सावली कुठे पडते ते पाहावे. आणि एक दिवस चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत हात कुठून कुठे जातो, कोणत्या डब्यासाठी वाकावे लागते, कशासाठी स्टूल घ्यावे लागते, हे वहीत लिहावे. या दोन पानांवरून पुढचे सगळे ठरते.

मोजमाप आणि पैशांची वाटणी

स्टीलचा मोजपट्टा घेऊन खोलीची लांबी, रुंदी, उंची, ओट्याची उंची आणि खोली, ओट्याखालच्या प्रत्येक खणाची रुंदी लिहून काढावी. ओट्याखालच्या खणांबाबत एक खबरदारी आवश्यक आहे. जुने कडप्पे अगदी ओळंब्यात नसतात. एकच खण पुढून १९ इंच, मागून साडेअठरा आणि खालून पावणेएकोणीस असा भरू शकतो. म्हणून प्रत्येक खण तीन ठिकाणी मोजावा आणि त्यांतले सर्वांत लहान माप धरावे. ट्रॉली किंवा रॅक पुढच्याच मापाने आणली की ती अर्धी आत जाऊन अडकते, आणि दुकानदार ती परत घेईलच असे नाही.

ओट्याची सोयीची उंची ओळखण्याची साधी रीत अशी की, सरळ उभे राहून कोपर काटकोनात वाकवावे. ओटा कोपराच्या खाली चार ते सहा इंच असला म्हणजे चिरण्या-लाटण्याला बरा पडतो. ओटा बुटका असेल तर तो उचलण्याच्या भानगडीत न पडता दोन-तीन इंच जाडीचा, खाली रबरी पाय असलेला लाकडी पाट चिरण्यासाठी करून घ्यावा.

बजेट आधी ठरवावे आणि मगच दुकानात जावे. आमचे स्वयंपाकघर आठ फूट बाय सात फूट आहे आणि आम्ही ४०,००० रुपयांची मर्यादा घातली होती. त्यातले ८,५०० वीज, दिवे आणि एक्झॉस्ट पंखा यांना, ६,५०० नळ आणि प्लंबिंगला, ५,५०० ओट्याचे पॉलिश आणि टाइल्सचे सांधे यांना, ६,००० रंगाला आणि ९,००० रॅक, मांडणी आणि ट्रॉली यांना ठेवले, आणि ४,५०० राखीव म्हणून बाजूला काढले. मजुरीचे दर गावागणिक आणि हंगामागणिक बदलतात, त्यामुळे आकडे तसेच्या तसे उचलू नयेत. वाटणीचे प्रमाण मात्र उपयोगी पडेल. राखीव रक्कम पहिल्या दिवशी वगळून टाकण्याचा मोह होतो. ती वगळू नये, कारण जुन्या भिंतीत फोडल्यावर गंजलेला पाइप निघाला की काम थांबवता येत नाही.

कामांचा क्रम

क्रम चुकला की तेच काम दोनदा करावे लागते. आधी भिंत फोडण्याची आणि चर खणण्याची कामे, म्हणजे प्लंबर आणि वायरमन, मग गवंडीकाम, म्हणजे चर बुजवणे, टाइल्स आणि सांधे, त्यानंतर ओट्याचे पॉलिश, कारण त्यात पाणी आणि काळा गाळ भिंतीवर उडतो, त्यानंतर रंग, आणि सर्वांत शेवटी दिवे, नळ, रॅक आणि ट्रॉली बसवणे. यात सफाईला मी मुद्दाम वेगळे स्थान देते, कारण ती सर्वांच्या आधी यावी लागते.

या दिवसांत स्वयंपाकाची तात्पुरती सोय हॉलमध्ये करायची असेल तर शेगडी टेबलावर आणि सिलिंडर खाली जमिनीवर उभा ठेवावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि पडदे बांधून टाकावेत. इंडक्शन वापरायचा असेल तर त्याच्यावरचे वॅट पाहावेत. दोन हजार वॅटच्या इंडक्शनला ६ अँपिअरचा साधा प्लग पॉइंट पुरत नाही, त्याला १६ अँपिअरचा पॉइंट लागतो.

तेलाचा थर

शेगडीच्या वरची भिंत, मांडणीची मागची बाजू, एक्झॉस्टची पाती आणि माळ्याची खालची बाजू या ठिकाणी फोडणीच्या वाफेबरोबर उडालेले तेल वर्षानुवर्षे साचते, त्यावर धूळ बसते आणि मधासारखा पिवळट, बोटाला ओढ देणारा थर तयार होतो. या थरावर कोणताही रंग टिकत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या रंगाऱ्याने भिंत नुसती कोरड्या फडक्याने पुसून तिच्यावर रंगाचे दोन हात दिले. आठ महिन्यांच्या आत शेगडीमागे रंगाला बशीएवढे फुगे आले, आणि नखाने ओढताच रंगाचा पापुद्रा प्लास्टिकच्या कागदासारखा अखंड सुटून हातात आला. त्याच्या मागच्या बाजूला तेच पिवळे तेल चकाकत होते. तेव्हापासून ही सफाई मी दुसऱ्यावर सोपवत नाही.

यासाठी महागड्या फवाऱ्यांची गरज नाही. एक लिटर कडकडीत गरम पाण्यात धुण्याच्या सोड्याचे दोन मोठे चमचे विरघळवावेत आणि त्यात भांड्यांच्या साबणाचे थोडे द्रावण घालावे. खाण्याचा सोडा सौम्य असतो, धुण्याचा सोडा तीव्र असतो. त्याने तेलाचे साबणात रूपांतर होते आणि म्हणूनच ते पाण्याने निघते. हातात रबरी मोजे घालावेत. जुना पंचा या पाण्यात भिजवून टाइल्सवर चिकटवून ठेवावा आणि दहा-पंधरा मिनिटे तसाच राहू द्यावा, म्हणजे थर मऊ पडतो आणि फार घासावे लागत नाही. त्यानंतर स्वच्छ पाण्याने दोनदा पुसून घ्यावे, कारण सोड्याचा अंश राहिला तरी त्यावर रंग नीट धरत नाही. अॅल्युमिनिअमची भांडी आणि सरकत्या खिडक्यांच्या अॅल्युमिनिअमच्या चौकटी यांना मात्र हे पाणी लावू नये. त्या काळ्या पडतात. भांड्यांत जिथे शंका असेल तिथे साधा साबण पुरे.

एक इशारा येथे ठळकपणे द्यायला हवा. टाइल्ससाठी बाजारातले अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे द्रावण एकाच वेळी कधीही वापरू नये. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि सात-आठ फुटांच्या खोलीत तो जिवावर बेतू शकतो. खरे तर स्वयंपाकघरात अॅसिडची गरजच नाही, आणि ओट्याजवळ तर ते अजिबात नको, त्याचे कारण पुढे येतेच.

ओटा आणि पाणी

कडप्पा हा आंध्र प्रदेशातल्या कडप्पा जिल्ह्याच्या नावाने ओळखला जाणारा दगड चुनखडीच्या जातीचा आहे. त्यामुळे लिंबू, चिंच, व्हिनेगर, ताक यांचा थेंब त्यावर पडून राहिला की तिथले पॉलिश खाल्ले जाते आणि राखाडी, रखरखीत डाग उरतो. आपल्या ओट्यावर शेगडीच्या डाव्या-उजव्या बाजूला जे निस्तेज गोल दिसतात, ते बहुधा असेच आलेले असतात. हे डाग घाण नसून दगडाची झीज असल्याने घासून जात नाहीत, पॉलिशनेच जातात. मशीनने पॉलिश करणारे कारागीर बहुतेक शहरांत मिळतात, आणि एका लहान ओट्याचे काम एका दिवसात होते. खर्च त्याहून कमी ठेवायचा असेल तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा वॉटर पेपर २२०, ४०० आणि ६०० नंबरचा आणावा, आणि लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून, पाणी शिंपडत, याच क्रमाने ओटा घासावा. चार-पाच तासांचे, खांदे भरून आणणारे काम आहे, पण दगड पुन्हा एकसारखा काळा होतो. शेवटी खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात देऊन कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून काढावा. तेल जास्त राहिले तर चिकट होऊन धूळ धरते. ग्रॅनाइटला आंबटाचा असा त्रास होत नाही हे खरे, पण तेवढ्यासाठी धडधाकट ओटा उखडणे बेताच्या बजेटमध्ये बसत नाही.

ओटा आणि टाइल्स जिथे मिळतात तो सांधा बारकाईने पाहावा. तिथून पाणी आत झिरपते, खाली लाकडी काम असेल तर ते फुगते आणि झुरळांना घर मिळते. जुने सिमेंट टोकदार हत्याराने काढून, जागा पूर्ण कोरडी करून, बुरशीरोधक पारदर्शक सिलिकॉनची सलग रेघ ओढावी आणि चोवीस तास तिथे पाणी लागू देऊ नये.

टाइल्स शाबूत असतील तर त्या बदलू नयेत. मळके दिसतात ते त्यांच्यामधले सांधे. ते दोन-तीन मिलिमीटर खोल खरवडून पुन्हा भरले की भिंत उजळून निघते. सर्व भिंतीला साधा सिमेंटचा ग्राउट चालतो, पण शेगडीमागच्या चार फूट रुंदीत आणि सिंकमागे इपॉक्सी ग्राउट भरून घ्यावा, कारण तो तेल आणि पाणी शोषत नाही. तो महाग असतो आणि टाइलवर सांडलेला वेळीच पुसला नाही तर कायमचा धुरकट डाग ठेवतो, त्यामुळे कारागिराला थोडे थोडे करून भरायला आणि लगेच पुसायला सांगावे. टाइल्स बदलायच्याच असतील तर आधी प्रत्येक टाइलवर नाण्याने टकटक करून पाहावी. आवाज भरीव येत असेल तर जुन्या टाइलवरच, त्यासाठीच्या खास चिकटद्रव्याने नवीन टाइल बसवता येते आणि फोडाफोड वाचते. आवाज पोकळ आला तर जुनी काढावीच लागते. टाइलवर टाइल आली की भिंत सुमारे सेंटिमीटरभर पुढे येते, म्हणून नळाला जोडनळी आणि स्विचबोर्डाला लांब स्क्रू लागतील हे आधीच सांगून ठेवावे. बाजारात मिळणारे चिकट कागद शेगडीच्या जवळ लावू नयेत. ते उष्णतेने सुटतात आणि पेटूही शकतात.

नळ बदलताना जुना भिंतीतून आलेला असेल तर नवाही भिंतीतलाच, उंच मानेचा आणि फिरता घ्यावा, म्हणजे भिंत फोडावी लागत नाही आणि मोठे पातेले त्याखाली सहज मावते. सिंकखालचा बॉटल ट्रॅप (सांडपाण्याच्या वाटेवरचा बाटलीसारखा भाग) आणि अँगल कॉक (नळाचे पाणी बंद करण्याची छोटी तोटी) त्याच वेळी बदलून टाकावेत; वस्तू स्वस्त आहेत आणि प्लंबर पुन्हा बोलावण्याची मजुरी वाचते. सिंक बदलायचे असल्यास कडप्प्यातल्या भोकाचे माप खालून घ्यावे आणि त्यातच बसणारे सिंक शोधावे. जुन्या कडप्प्यातले भोक वाढवताना दगडाला तडा जाण्याची भीती असते.

उजेड, वीज आणि हवा

ज्या एका खर्चाने स्वयंपाकघर सर्वांत जास्त बदलते तो खर्च उजेडाचा आहे. ट्यूब पाठीमागे असते, आपण ओट्याकडे तोंड करून उभे असतो, आणि त्यामुळे विळीवर, पोळपाटावर आणि कढईत आपलीच सावली पडते. मांडणीच्या किंवा भिंतीवरच्या कपाटाच्या खालच्या कडेला, आपल्या बाजूच्या काठाजवळ, चार फुटी एलईडीची पट्टी बसवावी, आणि तिला पुढून इंचभर पट्टीची आड द्यावी म्हणजे उजेड डोळ्यांत येत नाही. दिवा घेताना निळसर पांढरा न घेता दुकानदार ज्याला नॅचरल व्हाइट म्हणतात तो, म्हणजे ४००० केल्विनचा घ्यावा. त्या उजेडात तांदळातला खडा, डाळीतला किडा आणि पोळीचा भाजलेपणा नीट ओळखता येतो. आमच्या घरी ही पट्टी लागली त्या संध्याकाळी सासूबाईंनी डाळीचे ताट ओट्यावर घेऊन चष्म्याशिवाय निवडून पाहिले, आणि बाकीचे काम अजून अर्धे राहिलेले असतानाही मला ते पूर्ण झाल्यासारखे वाटले.

मिक्सरला साधा ६ अँपिअरचा पॉइंट पुरतो. मायक्रोवेव्ह, इंडक्शन आणि ओव्हन यांना १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि किमान अडीच स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची, आयएसआय मार्कची वायर लागते. एकाच पॉइंटवर एक्स्टेन्शन लावून दोन जड उपकरणे चालवू नयेत. पॉइंट सिंकपासून आणि शेगडीच्या ज्वाळेपासून दूर असावेत. वायरमन घरी आलेलाच असतो तेव्हा अर्थिंग तपासून घ्यावे, आणि घराच्या मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण, नसेल तर ते बसवून घ्यावे. ओल्या हातांनी काम होणाऱ्या खोलीत हा खर्च टाळण्यासारखा नाही.

एक्झॉस्ट पंखा शेगडीच्या जवळ आणि उंचावर असावा, आणि हवा आत येण्याची वाट त्याच्या समोरच्या बाजूला, बहुधा दारातून, असावी. पंख्याला लागूनच असलेली खिडकी उघडी ठेवली तर पंखा त्याच खिडकीतली हवा ओढून बाहेर टाकत राहतो आणि मिरचीचा ठसका घरातच फिरतो. म्हणून पंखा चालू असताना जवळची खिडकी बंद आणि दार उघडे ठेवावे. बऱ्याच घरांतला पंखा बिघडलेला नसतो. त्याच्या पात्यांवर तेल बसून तो जड झालेला असतो, त्यामुळे नवीन घेण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करून, पाती काढून, सोड्याच्या पाण्यात धुऊन पाहावीत.

गॅसची जागा

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर न जाता जमिनीलगत साचतो. ओट्याखाली सिलिंडरच्या खणाला चारही बाजूंनी बंद दार लावून घेण्याची जी पद्धत पडली आहे, ती म्हणूनच धोक्याची आहे. दार हवेच असेल तर त्याला तळाशी आणि वर जाळी किंवा मोकळी फट ठेवावी, आणि सिलिंडर नेहमी उभाच असावा. शेगडीची रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब नसावी, मध्ये जोड नसावा, आणि पाच वर्षांनी ती बदलावी; तिच्यावर वर्ष छापलेले असते, ते आजच वाचून पाहावे. ट्रॉली बसवताना नळी तिच्या सरकत्या भागाला घासत नाही ना, हे स्वतः वाकून तपासावे. ज्यांच्याकडे पाइप गॅस आहे त्यांनी पाइपला सुताराचा किंवा प्लंबरचा हात लागू देऊ नये. तो बदल गॅस कंपनीकडूनच करून घ्यावा लागतो. गॅसचा वास आल्यास विजेची बटणे न लावता, न बंद करता, रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर जाऊन १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे.

रंग

रंगाबद्दल थोडक्यात सांगता येईल. भिंतीला ओल असेल किंवा लोणा लागला असेल तर आधी पाणी कुठून येते ते शोधावे. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून येत असेल तर ती गळती थांबेपर्यंत रंगावर एक रुपयाही खर्च करू नये. भिंत कोरडी असेल तर जुना ऑइल पेंट घासून त्याची चमक मारावी, पुट्टी, प्रायमर आणि मग धुता येणारा अॅक्रिलिक इमल्शन द्यावा. लहान खोलीला फिकट, किंचित उबदार रंग बरा दिसतो. छताला शुभ्र पांढरा द्यावा, कारण छत उजेड परत खाली पाठवते.

मांडामांड

आता पंधरा दिवसांची ती वही पुन्हा काढावी. कमरेपासून डोळ्यांच्या उंचीपर्यंतची जागा रोजच्या वस्तूंची: मिसळणाचा डबा, मीठ, तेलाची बरणी, चहा-साखर, रोजची पाच पातेली, तवा, सांडशी आणि पळ्या. ओट्याखाली जड वस्तू: कुकर, कणकेचा डबा, तांदळाचा डबा, मिक्सरची भांडी. माळ्यावर सणावाराची भांडी आणि वर्षाची साठवण, प्रत्येक डब्यावर बाहेरून नाव लिहून. मसाले शेगडीच्या अगदी वर ठेवू नयेत. वाफेने त्यांना ओल येते आणि वास उडतो.

सगळ्या खणांना ट्रॉली लावण्याची गरज नाही. जिथे वाकून मागची वस्तू काढावी लागते अशा एक-दोन खणांना ती लावावी, बाकी ठिकाणी स्टीलचे सुटे रॅक पुरतात. स्टील ३०४ ग्रेडचे घ्यावे, निदान सिंकजवळच्या खणासाठी; २०२ ग्रेड स्वस्त असते पण ओलाव्याने लवकर डागाळते. दुकानात लोहचुंबक लावून खात्री करून देतात, तिच्यावर विसंबू नये, कारण या दोन्ही प्रकारांना चुंबक जवळजवळ धरत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्यावा. लाकडी काम करायचे असेल तर सिंकच्या आसपास आयएस ७१० मार्कचे, म्हणजे ओलाव्यात टिकणारे, प्लायवूडच वापरावे. आणि भिंतीवरची जुनी मांडणी मोडीत काढण्यापूर्वी ती एकदा सोड्याच्या पाण्याने धुऊन पाहावी. ओली भांडी निथळायला आणि वाळायला तिच्याइतकी सोयीची वस्तू बंद कपाटांत सापडत नाही, हे मी दोन्ही वापरून सांगते आहे.

जमिनीपासून खालचे रॅक पाच-सहा इंच वर असावेत, म्हणजे खालून केर काढता येतो आणि फरशी पुसता येते. झुरळांसाठी कणकेत बोरिक पावडर मिसळून केलेल्या लहान गोळ्या कोपऱ्यांत ठेवता येतात, पण घरात रांगते मूल किंवा पाळीव प्राणी असेल तर त्या त्यांच्या हाताला लागणार नाहीत अशाच जागी ठेवाव्यात.

हिशेब आणि पहिला आठवडा

काम रोजंदारीवर न देता अंगावर द्यावे, आणि काय काय करायचे ते एका कागदावर लिहून दोघांकडे प्रत ठेवावी. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि शेवटचा दहावा भाग आठवड्याने द्यायचा, हे सुरुवातीलाच बोलून घ्यावे. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही. त्या आठवड्यात सिंक काठोकाठ भरून एकदम सोडावे आणि खाली कोरडे वर्तमानपत्र पसरून ठेवावे, म्हणजे ट्रॅपच्या जोडातून पडलेला एक थेंबही कागदावर दिसतो. रेग्युलेटर आणि शेगडीच्या जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. सर्व दिवे, पंखा आणि मिक्सर एकाच वेळी चालवून स्विचबोर्ड तापतो का, हे हाताच्या मागच्या बाजूने तपासावे.

उरलेल्या चार टाइल्स, ग्राउटची पुडी, झाकण घट्ट लावलेला रंगाचा डबा आणि नळाची सुटी वॉशर एका खोक्यात घालावीत, खोक्यावर रंगाचा नंबर, दुकानाचे नाव आणि तारीख लिहावी, वायरमनने भिंतीत वायर कुठून नेली आहे त्याचा फोटोही आत ठेवावा, आणि ते खोके माळ्यावर दाराजवळच्या कोपऱ्यात ठेवावे, जिथून ते स्टुलावर चढून एका हाताने काढता येईल.